अक्काचा हलणारा दात

नक्की कोणतं वर्ष ते आता सांगता येणार नाही, आणि संवादात काही शब्द माझ्या पदरचेही असतील. पण झालं ते असं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, मुलाकडे मेलबर्नला राहते. तिथे दातांचा खर्च परवडेना, म्हणून तिने बंगळुरात येऊन बसवनगुडीला सुनेच्या मावशीच्या दवाखान्यात इम्प्लांट करून घेतलं, म्हणजे हाडात स्क्रू आणि वर दात. परत गेली आणि दात हलू लागला.

फोनवर म्हणाली, "इथला डॉक्टर म्हणतो, प्रत्येक कंपनीचा स्क्रूड्रायव्हर वेगळा, स्क्रू कुठल्या कंपनीचा ते कळल्याशिवाय हात लावणार नाही."

"मग विचारू मावशींना?"

"वेडा आहेस का? सोयऱ्यांचं घर. कंपनी विचारली तर म्हणतील, अक्कांना संशय आला."

"आणि दात गिळलास तर?"

"तू लहानपणापासून भित्रा."

ते खरंच असल्यामुळे मी मावशींना फोन केला नाही. कित्येक दिवस पेज पिऊन काढल्यावर अक्का दुखरे गुडघे घेऊन पुन्हा विमानात बसली. मावशींनी स्क्रू घट्ट केला, "सरी, आयतु", म्हणजे ठीक, झालं, असं कानडीत म्हणाल्या, वर कॉफी पाजली. कंपनी तेव्हाही कुणी विचारली नाही.

काही वर्षांनी मीच धीर करून विचारली. मावशींनी मुळीच वाईट वाटून न घेता सांगितली. माझ्या भाच्याने मेलबर्नच्या त्या डॉक्टरला नाव कळवलं, तर त्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडे दात हलत होता तेव्हाही होता.