पोपटी साडीची घडी

काका, ताईंची लेक प्राजक्ता, ठाण्याच्या संस्थेतून आलेले सर आणि मॅडम, ताईंच्या सोसायटीतली मंडळी, आणि शेवटच्या रांगांत बसलेल्या माझ्या गावच्या बायांनो,

मला माईक नको होता. माईक हातात आला की माझा आवाज बालवाडीतला होतो आणि समोरची मोठमोठी माणसं मला चार वर्षांची दिसायला लागतात. तेव्हा कुणाला मी ओरडतेय असं वाटलं तर समजून घ्या. आज रडण्यापेक्षा ओरडणं सोपं जातंय.

मी मंदा, बालवाडीत शिकवते. कोपरच्या अलीकडे जुनं गाव आहे ना, टॉवरच्या मागे दडलेलं, तिथली. वसुधाताई संशोधनासाठी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना बरोबर फिरायला गावची बाई हवी होती. मी दार वाजवायचे, ताई प्रश्न विचारायच्या. असं आम्ही आमचं गाव फिरलो, शेजारची गावं फिरलो, पार टिटवाळ्यापर्यंत गेलो. ताई गेल्या यावर माझा अजून विश्वास नाही. काल सकाळी मी त्यांना फोन लावलेला. लागला पण. काकांनी, ताईंच्या यजमानांनी, उचलला. काका, मी काही न बोलता ठेवला, माफ करा.

मघाशी सरांनी फार छान सांगितलं, की ताईंनी मुक्यांना आवाज दिला. सर, रागावू नका हं. पण आमच्या बाया मुक्या नाहीत. एकदा मासळीबाजारात या, भाव करून दाखवा, मग बोलू. ताईंनी आवाज दिला नाही. ताई ऐकायच्या. आणि ऐकलेलं लिहायच्या. आज मला त्या लिहिण्याबद्दलच बोलायचंय, कारण ताई त्यामुळेच आतून खचल्या होत्या. हे इथे कुणीतरी बोललं पाहिजे.

ताईंचा प्रश्न साधा होता. गरीब देशांत जिथे शहर वाढतं, तिथे शेतजमिनी विकल्या जातात. घरात पैसा येतो. मग तो पैसा घरातल्या पोरींच्या शिक्षणापर्यंत पोचतो का? आणि जिचा जमिनीतला हक्क काढून घेतला, तिच्या वाट्याला नंतर काय येतं? हा प्रश्न घेऊन ताई परदेशात परिषदांना जायच्या. आल्या की मी विचारायचे, ताई, तिकडच्या बाया पण सही करतात का हो? ताई म्हणायच्या, "करतात गं. नावं वेगळी, कागद वेगळे. पण सही झाली की जेवायला मात्र सगळीकडे घालतात."

ठाण्याच्या मंडळींसाठी सांगते. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतात. म्हणजे वडलांच्या जमिनीतला आपला वाटा भावांना सोडून दिला, असा कागद. भाऊ गाडी करतात, बहिणींना कल्याणला कचेरीत नेतात, सही झाली की हॉटेलात जेवण, आणि एकेक साडी. गावात तिला सहीची साडीच म्हणतात. जबरदस्ती नसते हो. कुणी हात धरून सही करून घेत नाही. फक्त सही केली नाही तर पुढच्या दिवाळीला कोण बोलवणार, हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

ताई घरात गेल्यावर सही केलीत का, कधी केलीत, असं नाही विचारायच्या. चहा व्हायचा, मुलाबाळांचं व्हायचं, आणि मग म्हणायच्या, "ती साडी दाखवता?" बस्स. बाई उठायची, कपाट उघडायची, आणि साडी हातात घेतल्यावर आपोआप बोलायला लागायची. आणि काय सांगू तुम्हाला, कितीतरी घरांत त्या साडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. जशी दुकानातून आली तशीच. नेसवत नाही आणि टाकवतही नाही.

अशीच एक बाई. तिचं नाव आत्ता घेत नाही, थांबा जरा. लग्न होऊन शेजारच्या गावात गेलेली, नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. मुलगी हुशार. कॉलेजची फी माफ व्हायला उत्पन्नाचा दाखला हवा. दाखल्याच्या खिडकीवर माणूस म्हणायचा, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, तुम्ही जमीनदार, तुम्हाला कसला दाखला? जमीन बघायला जावं तर भाऊ कसतात. दाखला मागायला जावं तर जमीन हिची. मग भाऊ म्हणाले, सही कर, नाव निघेल, दाखला मिळेल, पोरगी शिकेल. तिने सही केली. दाखला मिळाला. पोरगी शिकली. आणि त्या जमिनीवर आता तळमजल्याला जिम असलेला टॉवर आहे. सही झाली त्या दिवशी भावांनी तिला साडी घेतली. पोपटी, काठाला मोर. भर दुकानात आणि मग भर अंगणात सगळ्यांना दाखवून दिली. भारी होती साडी, खोटं कशाला बोलू?

ताईंचा एक नियम होता. जे लिहिलं ते छापण्याआधी गावात वाचून दाखवायचं. ज्यांचं आहे त्यांनी आधी ऐकायचं. म्हणून त्या बाईच्या माहेरी, समाजमंदिरात, वाचन ठेवलं. बाया आल्या, भाऊबंद आले, ती स्वतः आली. ताईंनी सगळी काळजी घेतली होती. तिचं नाव बदललं होतं. गाव बदललं होतं. मुलीचा मुलगा केला होता. ताई वाचत होत्या, मी शेजारी बसलेले. आणि ताईंनी वाचलं, की त्या बाईच्या ट्रंकेत पोपटी साडी आहे, काठाला मोर, आणि तिची घडी तिने कधीच मोडली नाही.

सगळ्या माना एकदम वळल्या. तिच्याकडे नाही. तिच्या भावांकडे.

नाव बदललं, गाव बदललं, साडीचा रंग तसाच राहिला. आणि आमच्या गावात माणसाचं नाव विसरतील, कुणाला कोणती साडी दिली ते नाही विसरणार.

भाऊ उठून गेले. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. पुढे तिच्या भाच्याचं लग्न निघालं. आमच्याकडे हळद म्हणजे काय असतं ते इथल्या अर्ध्या हॉलला माहीत आहे. आत्याशिवाय हळद हलत नाही. तिला बोलावणं नाही. त्या संध्याकाळी हळदीचा बॅंजो तिच्या घरात ऐकू येत होता. मी तिच्याकडे बसलेले. ती भांडी घासत होती, घासलेलीच परत घासत होती.

ताई तिच्याकडे गेल्या. मी बरोबर होते. ताई म्हणाल्या, "चुकलं माझं. रंग बदलायचा विसरले." तिने पाणी दिलं. बोलली नाही. ताई पुन्हा गेल्या. पुन्हा पाणी. पुन्हा गप्प. ताई भावांकडेही गेल्या. मोठा भाऊ म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. आमचा घर तोरलात." ताईंनी मान खाली घातली. मला मात्र राग आला, अजून येतो. घर ताईंनी तोडलं? साडी काय ताईंनी घेतली होती? पण मग मलाच प्रश्न पडतो, ती साडी ट्रंकेत होती तोवर तिला माहेर तर होतं! खोटं असेल, पण होतं ना? याचं उत्तर मला येत नाही. सर, तुम्हाला येत असेल तर नंतर सांगा.

परतताना रिक्षात ताई मला म्हणाल्या, "मंदा, मी विसरले नव्हते गं." म्हणाल्या, "बदलून बघितला. लाल केला, जांभळा केला. सगळं लिहिणंच खोटं वाटायला लागलं. मला तो पोपटी रंगच हवा होता. मोह झाला मला." आणि ताई रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना तेव्हाच बघितलं.

हे मी सांगतेय ते ताईंना कमी करायला नाही. उलट मोठ्या संशोधकांना असं बोचत असेल का, मला शंका आहे. ताईंना बोचलं. त्यांनी लिहिलेलं सगळं कपाटात ठेवलं. वाचन बंद. छापणं बंद. ठाण्याहून फोन यायचे, ताई म्हणायच्या, तिला विचारल्याशिवाय नाही. आणि ती तर बोलत नव्हती. मग आजार आला. दवाखान्यातही ताईंनी मला एकच विचारलं, "ती काही म्हणाली का गं?" मी काय सांगणार? नाही म्हणाले.

आता ताई गेल्यावर संस्थेची इच्छा आहे की पुस्तक छापावं. ताईंच्या आठवणीत. काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, काका, मी कोण हो म्हणणारी? तिला विचारा.

आणि परवा ती माझ्या दारात. आपली आपण. चप्पल काढली नाही, उंबऱ्यातच उभी. म्हणाली, "बाई गेल्या?"

मी म्हटलं, गेल्या.

"मी बोलली नाय त्यांच्याशी."

मी म्हटलं, आत ये.

"मना राग व्हता. बाईंनी साडी सांगितली त्याचा नाय. नाव दुसरीचा लावला त्याचा. साडी माजी, पोर माजी, भाव माजं, आनि नाव भलतीचा? मी कय होती मंग त्याच्यान?" त्या लिहिण्यात मी कुठे होते, असं विचारत होती.

मी म्हटलं, बाय, हे त्यांना का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "वाटायचा, भाव येतील. नाव छापून निगला तर येनार नाय. म्हून गप रायली. भाव नाय आलं. बाई येत व्हत्या, त्याबी आता नाय येनार."

मग म्हणाली, "छापा. पन माजा नाव लावा. आनि तुज्या त्या सभेन सांग सगल्यांना. मी येते."

मंडळी, मी तिला विचारलं, नीट विचारलं, एकदा नाही, परत परत विचारलं. भाऊ कायमचे तुटतील, म्हटलं. ती म्हणाली, "तुटाचा काय रायलाय?" मला आनंदही झाला नाही, खरं सांगते. ताईंना जे ऐकायचं होतं ते ताई गेल्यावर आलं. आणि तिला जे मिळायला हवं होतं ते अजून मिळालेलं नाही, पुस्तक छापून मिळणारही नाही. सर, मॅडम, पुस्तकाचा समारंभ कराल, हार-तुरे होतील, तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

आता नाव घेते. तिने सांगितलंय म्हणून घेते.

तिचं नाव हौसा. आमची हौसाबाय. ती या हॉलमध्ये आहे, आणि शोकसभेला कुणी नेसत नाही असा रंग नेसून आली आहे. सकाळी मी म्हटलं, अगं, आज पांढरी नेसतात. तर म्हणाली, "बाईंनी ही घडीनच बगली. नेसलेली बगाची रायली."

हौसाबाय, उभी राहा गं.

काका, ताईंच्या फोटोचं तोंड जरा त्या बाजूला करता?

आपण सगळेच उभे राहूया. कुणी काही बोलायचं नाही. दोन मिनिटांचं घड्याळ लावायचं नाही. हौसाबाय उभी आहे तोवर उभं राहायचं, ती बसली की बसायचं.