दोन बोटं उरली

...आणि वर तो चौकीवाला मला म्हणतो, "साहेब, मोजून यायचं होतं." मला! अहो, मी दारं बसवतो. दारं, चौकटी, उंबरे... पंचवीस वर्षं हेच करतोय. कपाट जिन्यातून वर जाईल की नाही ते मी फाटकातून बघून सांगतो, आणि मला हा म्हणतो मोजून यायचं होतं. बरं, चुकीचं बोलला असता तर भांडलो तरी असतो. दोन बोटं, तुम्हाला सांगतो, फक्त दोन बोटं. लोकांना स्वर्ग दोन बोटं उरतो, मला हा रस्त्यावरचा आडवा लोखंडी दांडा दोन बोटं उरलाय. सकाळी वीतभर होता. मग गाडीच्या टपावरचं कॅरिअर काढलं, दिवे काढले, ते बघा तिकडे गवतात ठेवलेत, चार बोटं राहिली. मग चारी टायरांतली हवा सोडली, दोन राहिली. आणि ह्या दोन बोटांसाठी मी तुमच्याकडे आलोय. तुम्ही इथे बसची वाट बघत बसलायत, मी मोजलं, चौदा जण आहात... नाही नाही, उठू नका, घाबरू नका, आधी ऐकून घ्या.

तर वर, ह्या डोंगराच्या टोकाला, टेहळणीचा मनोरा आहे. माझे वडील बावीस वर्षं त्या मनोऱ्यावर नोकरीला होते. काम काय, तर बघायचं. जंगलात कुठे वणव्याचा धूर दिसतोय का ते बघत बसायचं आणि दिसला की खाली कळवायचं. घरच्यांना वर न्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे मी काही तो मनोरा पाहिलेला नाही. आणि आता त्याच माणसाच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्षभर दिसेल, कमी कमी होत जाईल. पुढचं मी सांगू शकत नाही. काय बघायचं असेल ते आत्ता बघून घ्या." बाबांना विचारलं, काय बघायचंय? समुद्र? नातवंडं? ते म्हणाले, "मनोरा बघू एकदा." बस्स. एवढंच मागितलं त्या माणसाने. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं.

मी म्हटलं, बाबा, ह्याच रविवारी! माझ्याकडे पिकअप होतीच. जुनी, पण दारं वाहून वाहून घोड्यासारखी झालेली. निघायचं म्हणून आदल्या दिवशी मिस्त्रीकडे तेल बघायला नेली. इथे चुकलं. मिस्त्रीने विचारलं, "कुठं चाललाय?" मी सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. आता मिस्त्रीने पाना खाली ठेवला की समजायचं आपलं काही खरं नाही. म्हणाला, "जंगलात? ह्या टायरांवर? जा की. जाताना बाबांना घेऊन जाल, येताना बाबाच तुम्हाला ढकलत आणतील." मी म्हटलं, मग? "टायर तेवढे मोठे घाला." मी घरी येऊन बाबांना सांगितलं, टायर बदलतो, एवढं झालं की निघालोच.

टायर आले. मोठे, खडबडीत, नुसतं बघून छाती फुगावी असे. बसवले आणि स्टेअरिंग वळवलं तर आतून करकर करकर. मिस्त्री म्हणाला, "घासणारच. आता गाडी उचलायला पाहिजे." उचलायला म्हणजे? "चार इंच वर घ्यायची." अहो, मला आधी का नाही सांगितलंस? "तुम्ही टायरांचं विचारलं होतं." बरं बाबा, उचल. एवढं झालं की निघालोच.

त्यात मला एक गुरू भेटला. मोबाइलवर ह्या रानवाटांवर गाड्या घालणाऱ्यांचा ग्रुप आहे, त्यात हा, सगळे त्याला चिखल्या म्हणतात. नाव चिखल्या आणि गाडी अशी, की तीत तोंड बघून भांग पाडावा. त्याला मी मनोऱ्याच्या रस्त्याचं विचारलं. तर म्हणाला, "तो रस्ता? दादा, तो रस्ता नाहीच आहे. मध्ये ओढा आहे. ओढ्यात दगड आहेत. दगडांमध्ये काय आहे ते गेलेल्यांनाच माहीत." मग ओढ्यासाठी हवा घ्यायचं नळकांडं टपापर्यंत. दगडांसाठी पोटाखाली पत्रा. अडकलो तर ओढून काढायला पुढे दोराचं रहाट. रहाटाला बॅटरी पुरेना, म्हणून दुसरी बॅटरी. मी प्रत्येक वेळी घरी जाऊन तेच. बाबा, एवढं झालं की निघालोच. आणि बाबा काय म्हणायचे माहितेय? "सावकाश होऊ दे." आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं हो. पण "सावकाश होऊ दे." ज्याच्याकडे वेळ नाही तो माणूस मला वेळ देत होता.

आमची ही एकदा म्हणाली, "अहो, नवीनच घ्या ना गाडी, जंगलातलीच मिळते म्हणतात." म्हणजे झालं! आता दोन घोड्यांवर पाय. ह्याच गाडीवर अजून खर्च करत बसावं की ही देऊन नवी घ्यावी? नवी घ्यावी तर दारं कशातून न्यायची? हीच ठेवावी तर एवढं करून ही जुनी ती जुनीच. तुम्हाला सांगतो, दोन महिने मी रोज सकाळी एक ठरवायचो आणि जेवताना दुसरं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, मी दोन्हींच्या मध्ये बसून रहाटाला वंगण घालत होतो.

आणि इकडे बाबा... सुरुवातीला वर्तमानपत्राचे मथळे वाचायचे. मग मथळे मी वाचून दाखवू लागलो. मग एक दिवस मी दारातून आत आलो, हातात हातोडा, आणि बाबांनी मान वर करून विचारलं, "मिस्त्री आले का?" मी म्हटलं, बाबा, मी आहे. ते हसले, म्हणाले, "हो का, तेलाचा वास आला म्हणून वाटलं." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं. अकरा महिने झाले होते. अकरा!

त्याच संध्याकाळी ठरवलं, उद्या म्हणजे उद्या. गाडी शेडमधून काढायला गेलो तर टप वर लागला. शेडचं दार मी स्वतः केलेलं, सागवानी. स्वतःच्या हाताने त्याची वरची चौकट कापली. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला नको? नाही पडला. सकाळी बाबांना आणलं, दार उघडलं, आणि बाबा नुसते उभे. पायरी त्यांच्या कमरेला! एक गुडघा मेला वाकत नाही. मी घाईघाईत तीन पायऱ्यांचं स्टूल ठोकलं, ते दुसऱ्या पायरीवर पोचले आणि तिथे दांडीला धरून थांबले. म्हणाले, "अरे, मनोऱ्यालासुद्धा एवढ्या उंच पायऱ्या नव्हत्या." म्हणजे बघा, कुठेही चढेल अशी गाडी केली, आणि ज्याच्यासाठी केली त्याला गाडीत चढता येईना.

आणि मग आमच्या हिने जे केलं ते ऐका. तिने फोन उचलला आणि जंगल खात्याच्या कचेरीत लावला. एक फोन! विचारलं, "मनोऱ्यापर्यंत जाता येतं का हो?" तिकडची बाई म्हणाली, "या की. दोन वर्षं झाली डांबरी रस्ता करून. ओढ्यावर पूल आहे. वर बसायला बाकं पण आहेत." डांबरी. चिखल्याला विचारलं, तू कधी गेला होतास रे? तर म्हणतो, "मी नाही गेलो दादा, मी ऐकलं होतं." अकरा महिने मी नकाशे बघितले, हवामान बघितलं, दगडांचे फोटो बघितले. फोन नाही केला. का नाही केला? रस्ता आहे का हे रस्त्याला विचारायचं असतं, हे मला सुचलंच नाही.

तर आज सकाळी ताईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या डबीएवढ्या गाडीत पुढे बाबा, मागे आमची ही आणि बाबांची घडीची खुर्ची, गाडी भरली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी पिकअप घेऊन मागोमाग आलोच. एवढी केलीय तर येऊ दे बिचारी. ताईची गाडी ह्या दांड्याखालून भुर्रकन गेली, आणि मी... ठाण्ण! चौकीवाला बाहेर आला. म्हटलं, दांडा वर करा. म्हणाला, "होत नाही वर. लाकूडचोरांचे ट्रक जाऊ नयेत म्हणूनच लावलाय, वर कसा होईल?"

माझे बाबा आत्ता वर आहेत हो. कदाचित शेवटचं बघतायत. आणि मला त्या वेळी त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं, दुसरं काही नाही. म्हणून म्हणतो, तुम्ही चौदा जण पाच मिनिटं माझ्या गाडीत मागे बसा. वजनाने ती खाली दबेल, दोन बोटं तर दबेल, मी हळूच पलीकडे काढतो आणि तुम्हाला उतरवतो. येता? देव तुमचं भलं करो. हे स्टूल घ्या, ह्याच्यावरून... आजी, सांभाळून, काठी माझ्याकडे द्या. सरका, सरका आत. झाले चौदा? आता बघा. चौकीवाले, बघा हो खाली बसली का... काय? अजिबात नाही? चौदा माणसं आहेत! हां... स्प्रिंगा. मिस्त्रीने ट्रकच्या स्प्रिंगा घातल्यात. म्हणाला होता, "मागे हत्ती उभा करा, गाडी मान खाली घालायची नाही." मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता.

काय आजी? काय म्हणताय... तुम्ही बसची वाट बघत नव्हता? मग? वरून आलात... मनोऱ्यावरून? कशाने आलात? चालत. जायला किती वेळ लागला? पंचवीस मिनिटं. तुम्हाला, ह्या काठीसकट, पंचवीस मिनिटं. आणि मी इथे साडेआठपासून... किती वाजलेत? पावणेअकरा. अहो, मग आधी का नाही बोललात? तुम्ही बोलू दिलंत कुठे, म्हणतायत. खरंय. खरंय तुमचं. उतरा सगळे, उतरा, मी आत्ता धावत... अरे, ही कोण गाडी येतेय. ताई. ताईच आली खाली.

बाबा! बाबा, दिसलं का? "अर्धं दिसलं," म्हणतायत, "अर्धं आठवलं. बरं झालं." बाबा, मी येतच होतो हो, फक्त दोन बोटं... काय म्हणालात? ...ऐकलंत का तुम्ही? बाबा म्हणतायत, "तू नव्हतास, तेवढं राहिलं. पुढच्या वेळी मी नेतो तुला. मला दिसलं नाही तरी बिघडत नाही, तिथली पावलं पाठ आहेत मला. हात धरून दाखवीन सगळं, कुठून काय दिसायचं ते. तू फक्त गाडी आणू नकोस."

हो बाबा. नाही आणत. ...आत्ता? नाही, आत्ता तुमच्याबरोबर येता येत नाही, तुम्ही व्हा पुढे. टायरांत हवा नाहीये ना. पंप? सगळं घेतलं बाबा, दोन बॅटऱ्या आहेत, रहाट आहे, पत्रा आहे, पंप तेवढा... ताई, खालून एक पंप पाठवून दे गं. हवा तेवढी भरली की निघालोच.