जिवंत मामांच्या नावाआधी ‘कै.’

— बसा मामा, बसा. तुमी जिवंत हाव हे मला दिसायलंय की, त्याला आधार कार्ड कशाला दाखवायलाव? ठेवा ते खिशात. पत्रिका द्या हिकडं. हां… ‘कै. परमेश्वर, राहणार ताडकळस, यांची भाची’. छापलंय खरं. चूक हाय, मी न्हाई कुठं म्हणलं? पण ते जे तुमी दारातूनच ओरडलाव ना, ‘मेलेला माणूस लग्नाला येत नसतो’ — तेवढं वापस घ्या. अंतरपाट धरल्यावर राजनंदिनीच्या मागं मामा उभा पाहिजे का नको? मग कोण राहील? मी राहू? पाथरीभर होईल — मामाला मारलं अन् बन्सीधर प्रेसवाला स्वतःच मामा झाला!

चहा सांगितलाय. चहा होऊ द्या, मग शिव्या द्या. तोवर चूक कशी झाली ते ऐका, लय ऐकण्यासारखी हाय. पत्रिकेचा जीव कशात असतो सांगा? मजकुरात? न्हाई. नावाआधीच्या अक्षरात! चि., सौ. कां., श्री., कै. — एक हुकलं की भावकी दोन पिढ्या बोलत न्हाई. म्हणून मी म्हणलं, हे मशीनलाच शिकवावं. माझं शिक्षण म्हणाल तर दहावी, ती बी गणितानं अडवली — पण शेजारच्या बियाण्याच्या दुकानावर बसून मोबाईलवर बगत बगत शिकलो. मजकूर लिहायचा जो एडिटर असतो ना, त्याला आपल्याकडून एक जोड लावता येती, प्लगइन म्हणतात. आपण नाव लिहायचं, अन् त्यानं आपल्या जुन्या पत्रिका धुंडून सांगायचं, ह्याच्या आधी काय लावायचं ते. मी हाताशी नसलो तरी इज्जत शाबूत!

पहिल्यांदा काय झालं, ‘प’ दाबलं की ते धुंडायला जायचं अन् तोवर एडिटर दगड. काही बी दाबा, हलतच न्हाई. मग ‘र’ दाबा, पुन्हा दगड. चारठाण्याचं एक गिऱ्हाईक आलतं, त्याचं पूर्ण नाव लिहून होईस्तोवर शेजारीच बसलेल्या व्याह्याशी त्याचं वाजलं अन् लग्न मोडलं. — खोटं वाटायलंय? बरं, मोडलं न्हाई. पण वाजलं. मग मला कळलं, असं थांबून ऱ्हायचं नसतंय. हॉटेलात भजी सांगितली की आपण कढईसमोर उभं ऱ्हातो का? गप्पा हाणतो, भजी झाली की टेबलावर येती. ह्याला असिंक्रोनस म्हणतात मामा — काम तिकडं चालू, आपलं हिकडं चालू. लय खुश झालो मी. पण एक इचार केलाच न्हाई. भजी यायच्या आत आपण टेबल बदललं तर? भजी जाती जुन्याच टेबलावर. तिथं दुसराच कुणी बसलेला, त्याच्या पुढ्यात.

तो दुसरा तुमी, मामा.

झालं काय — मी लिवलं ‘मुंजाजी यांची नात’. राजनंदिनीचे आजोबा, ते तर गेलेलेच. प्लगइन धुंडायला गेलं. त्याच्या खालची ओळ तुमची, ‘परमेश्वर यांची भाची’. इतक्यात वैजीनाथरावांचा फोन — वर एवढे देव कशाला, एक कमी करा. म्हणलं, बापच म्हणायलाय पोरीचा, करा. मी एका देवाची ओळ काढली. सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या, अन् आजोबांच्या जाग्यावर येऊन बसले तुमी! तेवढ्यात उत्तर आलं — ‘कै.’. त्याला काय मालूम खाली कोण बसलंय? दिलं चिकटवून. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! तुमी गेलाव अन् मुंजाजी आजोबा बिन ‘कै.’चे, म्हणजे जिवंत. तसा मेळ बसला म्हणा, पण — न्हाई, न्हाई, बसा, उगं म्हणलं.

काय? छापायच्या आधी वाचलं न्हाई का? वाचलं की! दोनदा वाचलं. मला वाटलं, खरंच गेले. साखरपुड्याला शेवटचं बगितलतं तुमाला, भजी खाताना. वैजीनाथरावांना विचारावं म्हणलं, पण दुःखाच्या घरी असलं विचारायचं कोणत्या तोंडानं? उलट माझ्याच मनाला लागलं, अन् मी आपल्या दुकानाकडून — काही न्हाई. काही न्हाई म्हणलं ना. ते कोपऱ्यातलं? ते जुनं फ्लेक्स हाय. मामा, उघडू नका. मामा —

…फोटो चांगला आलाय पण. साखरपुड्यातून कापून घेतलाय, गॉगल निघंना म्हणून गॉगलसगट ठेवला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ बगा किती ठळक आलंय! फ्लेक्स दोनच केली होती. दुसरं? दुसरं त्या ताडकळसच्या जीपवाल्याकडं दिलतं, स्टँडवर लावायला. — अच्छा, म्हणून का त्या तुमच्या शेजारच्या बायनाबाई रडत आल्या तुमच्या दारात? अन् दार तुमीच उघडलं? अरारारा! मग? पडल्या का त्या? बरं, पायरीवर बसल्या. बसल्या म्हणजे ठीक हाय.

चहा घ्या, निवायलाय. अन् हे बगा, सगळं दुरुस्त केलंय. आता हात थांबल्याबिगर ते धुंडायला जातच न्हाई. आधी हरेक अक्षराला एक धुंडणारा सुटायचा, जुने मरायचे न्हाईत, मशीन तव्यावाणी तापायचं. आता नवा निघाला की जुना बंद. अन् उत्तर आलं की आधी बगतंय — ज्या नावासाठी गेलतो, तेच नाव हितं हाय का? नसलं तर चिकटवायचंच न्हाई. वरातीमागून आलेलं घोडं वेशीवरच अडवायचं. थांबा, तुमच्या डोळ्यांदेखत करतो. ‘मुंजाजी’ लिवलं… ‘श्री. परमेश्वर’ लिवलं… आता मुद्दाम वरचा आणखी एक देव काढतो — माफ कर रे देवा — सरकल्या ओळी. बगा. बगत ऱ्हा. आलं का ‘कै.’ तुमच्या नावावर? न्हाई आलं! श्री. ते श्री.! आजोबांचं हातानं लावतो, देव जाग्यावर ठेवतो, झालं. गठ्ठा वाटायचा बाकीच हाय, सगळा नवा छापून देतो. अन् ताडकळसचं फ्लेक्स संध्याकाळच्या आत खाली उतरतंय. आता तरी येताव ना लग्नाला? राजनंदिनीच्या मागं उभं ऱ्हाताव? — हां! असं! मान हलवली, शब्द झाला. फेटा मी बांधतो तुमाला.

ही घ्या पहिली प्रत, गरम गरम. वाचा, बिनधास्त वाचा. — काय झालं? हसायलाव काहून? खाली? खाली आपलं दुकानाचं नाव असतंय… बगू. ‘मुद्रक : कै. बन्सी—’

अस्सं. जागा सापडली न्हाई तर उत्तर शेवटच्या ओळीत ठेव, असं मीच कधी तरी लिवलतं वाटतं.

मामा, हसू नका. फोन काहून काढलाव? फोटो नका काढू. कोणाचं फ्लेक्स? कोणत्या स्टँडवर? — मामा, परभणीची गाडी लागली. उठा. निघा आता तुमी.