नीलाचं लॉन

आमची धाकटी जाऊ नीला तुम्हाला माहीत आहे. दिरांना खराडीत आयटीत नोकरी लागली आणि दोघं सदाशिव पेठ सोडून तिकडेच राहायला गेले. मागे एकदा तिचा फोन आला, "वहिनी, मी लॉन घेतलंय. रविवारी बघायला या."

झालं. आमच्या गॅलरीत तुळशीची कुंडी ठेवली तर माणसाला उभं राहता येत नाही, आणि हिच्या दारात हिरवळ. मी ह्यांना म्हटलं, "धाकट्या भावाने बंगला घेतला आणि तुम्हाला पत्ताही नाही."

"असेल. चहा पिऊन येऊ," हे म्हणाले.

गेलो, तर सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी विचारलं, "लॉन कुठाय गं?"

नीलाने पलंगावरचा फुलाफुलांच्या कापडांचा ढीग दाखवला. "हे काय, वहिनी. तलम सुती असतं, त्याला लॉन म्हणतात. हात लावून बघा."

माझा जीव भांड्यात पडला.

मग ती म्हणाली, "घरूनच विकते. ऑफिसातल्या मुली भराभर नेतात. आता स्वतःच्या खर्चासाठी मला कुणाला विचारावं लागत नाही."

परतताना स्कूटरवर हे म्हणाले, "झालं समाधान? हिरवळ नाहीये त्यांच्याकडे."

मी म्हटलं, "हिरवळ असती तर बरं झालं असतं."