खरा मेक्सिको आणि माझी रजा

...आणि वर मलाच म्हणतो, "निकान्द्रो, तुला मेक्सिको कळलेलाच नाही!" मला! पुएब्लात जन्मलो, पुएब्लात फरश्या विकून केस पिकवले, आणि हा फाकुंदो, अर्जेंटिनाचा, काखेत गरम पाण्याचा थर्मास मारून मला माझाच देश शिकवतोय!

तुम्हाला सांगतो, मला फक्त समुद्र बघायचा होता. बास! चाळिशी उलटली तरी माणसानं समुद्र बघितला नाही, सांगायची सोय आहे का? दुकानाच्या मालकीणबाई दोन्या एदुविखेस, रजा म्हटलं की त्यांना धाप लागते. त्यांच्याकडून कशीबशी रजा उपटली, किनाऱ्यावर झावळ्यांची खोली ठरवली, पाठीवर पिशवी टाकली आणि वाहाका शहरात आलो. तिथून थेट गाडी होती हो समुद्राला, थेट! पण मुक्कामाच्या जागी हे तिघं भेटले आणि कुठून अवदसा आठवली, मी म्हणालो, "मीही तिकडेच चाललोय."

तिघं म्हणजे एक हा फाकुंदो. दुसरा योस्ट, हॉलंडचा... पाठीवर अख्खं बिऱ्हाड, त्याला टोप लटकतोय, पेला लटकतोय, चालायला लागला की भांडीवाला आला समजून बायका दारं उघडतात! आणि तिसरी स्वित्झर्लंडची आनेली. हिला मांस नको, अंडं नको, मधसुद्धा नको, मधमाशीला वाईट वाटतं म्हणे. मक्याचे वाफवलेले तमाल विकणारीला विचारते, "मावशी, यात चरबी आहे का?" मावशी म्हणाली, "पोरी, चरबी नको तर दगड चाट!"

बरं, थेट गाडीनं चला म्हटलं तर योस्ट नाक मुरडतो. "त्यात पर्यटक असतात." अरे मग तू कोण, गावचा पाटील? "नाही, नाही, आम्हाला खरा मेक्सिको पाहायचाय!" झालं! खरा मेक्सिको म्हणजे काय, तर टर्की कोंबड्यांच्या ट्रकमध्ये मागे बसायचं, डोंगरातल्या जुन्या रस्त्यानं. टर्कीसुद्धा माझ्याकडे कीव येऊन बघत होत्या.

ट्रक एका गावात थांबला, अगदी चर्चसमोर. तिथे बाप्तिस्मा खोळंबलेला! पाद्री वर्षातून एकदा येणार, तो घड्याळ बघतोय, मुलाचा बाप क्रेसेन्सियो टोपी हातात चुरगाळत उभा, आणि ठरलेला धर्मबाप वाटेत गाडी बंद पडून अडकलेला. एवढं ऐकायचा अवकाश, फाकुंदोनं मागून ढकललंच मला. "हा घ्या धर्मबाप! अस्सल कॅथलिक!" आणि तू रे? "माझं देवाशी जमत नाही." योस्ट कॅमेरा काढून नाचतोय, "खरा मेक्सिको! खरा मेक्सिको!"

आता तुम्हीच सांगा, कोणी मूल पुढे केलं तर आमच्यात नाही म्हणता येतं? नाही म्हणणाऱ्याला नरकातही कोणी सरकून जागा देत नाही! घेतलं पोर हातात. त्यानं माझी मिशी धरली ती पाद्र्यानं पाणी ओतलं तरी सोडली नाही.

आणि मग काय विचारता! घटकाभरापूर्वी मी टर्कींचा शेजारी होतो, आता अख्ख्या गावाचा व्याही, कंपाद्रे! "कंपाद्रे, इथे बसा. कंपाद्रे, हा मोलेचा झणझणीत रस्सा घ्या. कंपाद्रे, माझ्या भावाच्या घरी गेला नाहीत तर तो विहीर जवळ करील." म्हटलं, क्रेसेन्सियो, मला समुद्राला जायचंय हो. "जाल की! आधी मेहुणीकडचं जेवण, मग काकांकडचं, मग उरलेलं गरम करून सगळे पुन्हा जेवतात, ते चुकवलं तर पोराला दृष्ट लागते." एका संध्याकाळी मला चढावर नेऊन म्हणाला, "ते बघा, तिकडे समुद्र. आकाश मोकळं असलं की चकाकतो." मी टाचा उंचावून बघितलं. सगळे ढग! "आज नाही दिसायचा, कंपाद्रे," म्हणाला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, रडू फुटायचंच बाकी होतं.

आणि माझे सोबती? मोले खाऊन दोघांचं पोट बिघडलं, तिसरी उपाशी. दुसऱ्याच दिवशी पहाटे पसार! मग फोनवर फोटो आला. तिघं वाळूत लोळताहेत, मागे निळाशार समुद्र, आणि खाली फाकुंदोचं लिहिणं, "निकान्द्रो, खरा मेक्सिको सापडला! तुझी खोली वाया जाऊ नये म्हणून आम्हीच राहिलो." अरे निर्लज्जांनो! माझी खोली! माझी झावळ्यांची खोली!

रजा संपली. निघताना क्रेसेन्सियोनं मोलेचं मडकं हातात दिलं, बायकोनं पोर पुन्हा मिशीला लावलं, आणि दोघं एका सुरात म्हणाली, "दरवर्षी याच दिवसांत यायचं हं, कंपाद्रे. धर्मबापाशिवाय पोराचा वाढदिवस होत नसतो." म्हणजे पुढची रजाही गेली, त्याच्या पुढचीही...

दुकानात पाऊल टाकलं तर दोन्या एदुविखेस फरश्यांच्या मागून विचारतात, "काय निकान्द्रो, कसा होता समुद्र?"

म्हटलं, "खारट, बाई."