रविवारचा रोलर

बारामतीहून सुटलेल्या इंदापूर गाडीत पुढच्या बाकावर दोघी जावा अशा हळू आवाजात बोलत होत्या, की मागं बसलेल्या सारजाबाईंना कान द्यावाच लागला.

"रोहिणी, भावजींच्या टकलावर सुया फिरवतीस म्हणं?"

"बारक्या सुयांचा रोलर हाय, अक्का. मोबाइलवर बघून मागवला. मागचं त्यांना दिसत न्हाय, म्हणून मी फिरवते."

"रगत निघतं का?"

"हलक्या हातानं फिरवलं तर न्हाय. नुसतं लाल हुतं."

"आन् केस?"

"चार म्हयनं झालं. साधी लवबी उगवली न्हाय."

"मग दे की सोडून."

"अकरा वर्सांत माझ्यापुढं घटकाभर बसलं न्हाईत, अक्का. आता दर रविवारी मान खाली घालून बसत्यात. उसाला पाणी कधी सोडायचं, त्ये मला इचारत्यात. परवा म्हणलं, तुझा हात दुखत आसंल."

"दुखतो व्हय?"

"दुखत हुता. न्हाय म्हणलं."

सारजाबाई बाकावरून आणखी पुढं सरकल्या.

"आन् समजा, उगवलंच केस?"

"असं अभद्र बोलू नगा, अक्का."