माझ्या करडईची पेंड

माझं माहेर चौसाळ्याच्या अंगाचं, रानातल्या वस्तीवरचं, बापाच्या म्हशी होत्या, आन दिलं मला वडवणीच्या खाली तर तिथं बी म्हशीच, म्हणजे काय सांगू तुम्हाला, जिंदगी सारी शेणात हात घालूनच गेली, आन मला त्याची लाज न्हाई. आता गयाबाई म्हणलं की माणसं हसत्यात, ती पेंडवाली का, म्हणत्यात. हसू द्या. तुमी लिहायला बसलाव तर पेंडीचंच लिहा, म्हैस कशावर दूध देती ते आता लोकांना सांगावं लागतंय.

आमच्या लहानपणी पेंड कोणी इकत आणत नव्हतं. ज्वारीच्या रानाला कडंनी करडईचे तास असायचे, काट्यामुळं ढोरं ज्वारीत शिरायची न्हाईत, आन ती करडई मग तेल्याच्या घाण्यावर जायची. बैल फिरायचा, आमी पोरी तिथंच बसून राहायचो. तेल घरी यायचं आन पेंड बी घरी यायची, तेलीदादा आपला वाटा काढून घ्यायचा तेवढाच. भुईमूग गाळला की गरम गरम पेंड आमी गुळासंगं खायचो, माय वरडायची, म्हशीच्या तोंडचं खाता का गं म्हणून. आंबोण आमचं असं, पेंड भिजू घालायची, त्यात ज्वारीचा भरडा कालवायचा, ते घमेलं पुढं ठेवलं की म्हैस पान्हा सोडती. न्हाई ठेवलं तर बसा खुशाल कासंला हात लावून.

मग दुकानात डब्यातलं तेल आलं आन घाणा बसला. तेल्यानं बैल इकला. करडई गेली शिवारातनं, काट्यात हात कोण घालणार. पण तवा कापूस लई होता, सरकीची पेंड यायची माजलगावच्या बाजारातनं, अशी जाड की फोडायला दगड लागायचा, तिच्यावर म्हशी चांगल्या निघाल्या, मी न्हाई म्हणत न्हाई. पुढं कापसाला बोंडअळी लागली, लोक सोयाबीनवर गेले, ज्याला पाणी तो उसावर गेला. आता सोयाबीन आमच्या रानातलं, आन त्याची पेंड कुठं जाती तर कोंबड्यांना, न्हाई तर जहाजात बसून परदेशात. दत्ता, माझा लेक, मोबाईलवर वाचून दाखवतो, देशात यंदा पेंड भरपूर हाय म्हणं. मी म्हणलं, भरपूर हाय तर माझ्या गव्हाणीत कावून न्हाई? त्यानं मोबाईल खिशात घातला. आमी काय देशाच्या बाहेर राहतो का, तुमीच सांगा.

तर मोरी म्हणून माझी म्हैस हाय, गोठ्यातल्या दोघींतली मोठी. दुकानातनं आणलेल्या पोत्यात पेंड कमी आन टरफलंच जास्ती निघाली. मी भिजवून ठेवली, तिनं वास घेतला आन तोंड फिरवलं. दुसऱ्या पोत्याची तीच गत. दूध तुटलं. दत्ता म्हणला माय, इकून टाकू दोन्ही, गिऱ्हाईक हाय, चहापुरती दुधाची पिशवी आणत जाऊ. गिऱ्हाईक दावणीपाशी येऊन उभा बी राहिला, मोरीच्या पाठीवर हात फिरवायला लागला. मी म्हणलं हात काढ. ती माझी हाय, बाजाराची न्हाई. तो गेला, पण दत्ता रुसून बसला, म्हणला चारणार काय तिला? मी म्हणलं, करडई पेरणार.

सारा गाव हसला. चुलत दीर म्हणला वैनी, करडई काढायला मजूर कोण देणार तुम्हाला? मी म्हणलं तुमी नका देऊ. तवर कडब्यावर आन भरड्यावर म्हशी धकवल्या, आटल्या तर आटल्या, पण दावणीला राहिल्या. काढायच्या वक्ताला मी आन माझी सून, रुक्मिणी तिचं नाव, हाताला जुन्या गोधडीचे तुकडे बांधून, दव असंपर्यंत काढायचो, दवात काटा नरम पडतो. तरी हात फुटले. फुटू दे.

आता खरी मजा ऐका. वडवणीला लाकडी घाणा निघालाय, बैलाचा न्हाई, मोटारीचा. दत्तानं करडई तिथं नेली. वापस आला ते तेलाचा डबा घेऊन, लई खूश, म्हणला माय, गाळायचं काही द्यावं लागलं न्हाई. मी म्हणलं पेंड? म्हणला पेंड तिथंच ठेवायची, तोच वेव्हार हाय, समदे तसंच करत्यात. समदे करत्यात, कारण समद्यांच्या दावणी मोकळ्या झाल्यात. पण ज्याच्या दारात म्हैस बांधलीय त्यानं पेंड सोडून यावं? मी डबा उचलला आन एसटीत बसले.

घाण्यावर गेले तर पोती टेंपोत भरायली होती, कोंबडीवाल्याचा टेंपो. मी सरळ जाऊन माझ्या पोत्यांवर बसले. आपलं पोतं कळतं हो, ठिगळ माझ्या हातचं होतं. हमाल म्हणला आजी उठा, मी म्हणलं उठत न्हाई. घाणेवाला आला, भला माणूस दिसला, म्हणला मावशी, तुमच्या पोरासंगं वेव्हार झालाय. मी म्हणलं वेव्हार त्याचा, करडई माझी, काटे माझ्या हातात मोडलेत, बघ. तो म्हणला गाळायचं मग मला काय मिळालं? तवा मी डबा त्याच्या पुढं सरकवला.

"तेल ठेव तू. तेलावाचून माझं भागतं, पेंडीवाचून माझ्या म्हशीचं भागत न्हाई."

त्यानं डबा उचलून बाजूला ठेवला. म्हणला, इथं समदे तेलाला येत्यात, तेल ठेवून पेंड नेणारं माणूस पहिल्यांदा बघितलं. मी म्हणलं बघून घे. मग त्यानं गाळायचं म्हणून थोडं तेल काढून घेतलं, डबा वापस दिला आन हमालाला म्हणला, मावशीची पोती एसटीवर चढवून दे. टेंपोवाला कुरकुरला, मी त्याच्याकडं बघितलं बी न्हाई.

मोरीनं पहिल्यांदा करडईची पेंड हुंगली, चव कडवट असती तिची, मी म्हणलं आता हिच्यापासनं बी तोंड फिरवती का काय. पण खाल्ली. घमेलं चाटून काढलं. आता व्यालीय, खाली पारडी हाय. दत्ता अजून म्हणतो, माय, तू हायस तवर हे चालणार. चालू दे तवर. रुक्मिणीनं यंदा मला न इचारताच ज्वारीच्या कडंनी करडई पेरली, मी बांधावर उभी राहून बघितली. देशात पेंड किती हाय ते मोबाईलवाल्यांनी मोजावं. माझ्या दावणीला दोन म्हशी हायत आन दोन्ही खायल्यात, हे तुमी लिहा. देव तुमचं भलं करो, चहा प्या, आन जाताना मोरीच्या मागून जाऊ नका, इकत घ्यायला आलाव समजून लाथ मारती.